कडेनं

क्षितिजाला गाडी लागायची. लहानपणी उमरग्याहून सोलापूरला निघालं की आई तिला एसटीत खिडकीशी बसवायची, हातात आलेपाकाची वडी द्यायची, तरी नळदुर्ग यायच्या आत तिला एकदा ओकारी व्हायचीच. लग्न होऊन पुण्याकडे आली तरी ते गेलं नाही. कंपनीच्या बसमध्ये चढलं की रेक्झिनचा, सेंटचा, कालच्या डब्याचा असा एक वास तिच्या घशाशी येऊन बसायचा आणि ऑफिसात पोचेपर्यंत ती अर्धी व्हायची. म्हणून चांदे गावातल्या भाड्याच्या खोलीपासून हिंजवडीच्या ऑफिसपर्यंत ती सायकलनं जायची. लोकांना वाटायचं व्यायामासाठी. ती हसून मान डोलवायची. दोन हजार सातच्या हिवाळ्यातल्या एका सकाळी, वीटभट्टीच्या वळणावर, मागून आलेल्या एका राखाडी गाडीचा आरसा तिच्या उजव्या कोपराला टक् करून लागला. इतकंच झालं. ती पडली नाही. हँडल डगमगलं, पुढचं चाक डांबर सोडून खडीत उतरलं, आणि ती एक पाय टेकून उभी राहिली. गाडी जरा पुढे जाऊन मंदावली. काच थोडी खाली आली. "मॅडम, जरा कडेनं चालवा ना. आरसा गेला असता आत्ता," आतून एक आवाज म्हणाला. आवाजात राग नव्हता. एखाद्या लहान मुलाला समजावून सांगावं तसा तो होता. मग काच वर गेली. क्षितिजानं सवयीनं "सॉरी" म्हटलं. ते तिच्या तोंडातून निघालं तेव्हा गाडी वळणापलीकडे गेलीही होती.

दिवसभर तिला ते "सॉरी" आठवत राहिलं. कोपराला काही झालं नव्हतं. नखाएवढा लाल डाग होता, तोही दुपारपर्यंत गेला. पण स्क्रीनसमोर बसून माउस हलवताना तिला सारखं वाटत होतं, की हा हात आपल्या अंगापासून थोडा जास्तच बाहेर आहे. तिनं कोपर बरगडीला चिकटवून घेतलं. जेवतानाही तशीच बसली. आणि मग, कुठलाच संबंध नसताना, तिला बाबा आठवले. बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. संध्याकाळी कामावरून आले की तिच्या सायकलचं कॅरियर धरून धावायचे, आणि धावताना एकच शब्द ओरडायचे, "कडेनं, कडेनं." रस्त्यावर तेव्हा असायचं काय? एखादी शेळी, एखादा टांगा. तरीही कडेनं. कितीतरी दिवस तिला वाटायचं, सायकलचा तोल या शब्दावरच राहतो. बाबा म्हणायचे थांबले तर आपण पडू. पुढे तो शब्द सगळीकडे भेटत गेला. कॉलेजच्या जिन्यात मुलं खाली येत असली की कडेनं. लग्नात सासरच्या बायका फोटोला उभ्या राहिल्या तेव्हा, "सूनबाई, जरा कडेला ये, नणंदेला मधे घेऊ दे." तिनं कधी वाईट वाटून घेतलं नव्हतं. कडेला उभं राहायची एक कला असते आणि ती आपल्याला येते असंच ती समजत आली होती. आणि आज कळत होतं, की मी कडेला होते तरी त्यांना लागलेच. याहून आणखी कडेला म्हणजे कुठे?

घरी आल्यावर तिनं अमोघला सांगितलं. अमोघ तिचा नवरा. नाशिकचा, हिंजवडीतच दुसऱ्या एका कंपनीत प्रोग्रॅमर. माणूस मऊ. त्यानं तिचं कोपर हातात घेऊन दिव्याखाली बघितलं, फुंकर घातली, आणि म्हणाला, "बरं झालं, आता आठवड्यात आपली गाडी येतेय. संपला हा वैताग."

"मला लागते गाडी."

"स्वतःच्या गाडीत नाही लागत गं. तो मेंटल ब्लॉक असतो."

आठवड्यानं गाडी आली, हार घातलेली. घरमालकीण तुळजाबाईंनी चाकांवर पाणी घातलं, गाडीला ओवाळलं. घरमालक हैबतराव दारातल्या कट्ट्यावर बसून बघत होते. सत्तरीचा उंच, वाकलेला माणूस. गावात त्यांची जमीन बरीच होती, होती म्हणायचं. काही इमारतींखाली गेली, काही मुलानं, इंद्रजितनं, विकून कंपन्यांसाठी भाड्याच्या गाड्या घेतल्या, आणि एक चांगलं भाताचं खाचर रस्ता रुंद करताना डांबराखाली गेलं. रस्त्यापलीकडे एक तुकडा उरला होता. तिथे दोन म्हशींपुरता घास होता. तो आणायला म्हातारा रोज सकाळी आपल्या काळ्या सायकलवर जायचा. रस्त्याच्या इतक्या कडेनं, की एक पाय गवतातून घासत जायचा. "आबा, तुम्ही पण बसा की गाडीत," अमोघ म्हणाला. हैबतराव हसले. "घरात तीन गाड्या उब्या हायेत, त्यात बसलो न्हाई मी. इंद्रजित म्हंतो, धोतराला शेन असतं."

पुढचे काही दिवस क्षितिजा भीत भीत सायकल चालवत होती. मागून गाडी आली की आधी मानेवरचे केस उभे राहायचे, मग पाठ ताठ व्हायची, मग कोपर आपोआप बरगडीशी. तिच्या पाठीला जणू कान फुटले होते. आवाजावरून तिला कळायला लागलं, ही बस, ही डिझेलची, ही नव्या माणसाची, हा फोनवर बोलतोय. आणि तिला एक गोष्ट दिसली. ती जितकी कडेला जायची तितकी गाडी तिला जास्त घासून जायची. डांबराच्या टोकावर चाक ठेवलं की मागचा माणूस वेग कमीच करायचा नाही. बाजूला आहे म्हणजे नाहीच आहे, असं धरून तो सरळ यायचा. एका सकाळी कडेला पाइपलाइनसाठी मुरूम टाकला होता, म्हणून तिला नाइलाजानं डांबराच्या मधे यावं लागलं. मागून हॉर्न वाजला. तिची पाठ ताठ झाली. पण गाडी घासून गेली नाही. ती मागेच राहिली, गुरगुरत, तिच्या चालीनं. आणि समोरचा रस्ता मोकळा झाल्यावर पलीकडून, लांबून, पूर्ण वळसा घालून पुढे गेली. जाताना ड्रायव्हरनं तिच्याकडे बघितलं. शिवी दिली असावी. काचेमागे ओठ हलले. क्षितिजाला शिवीचं काही वाटलं नाही. त्यानं बघितलं होतं. मुरूम संपला तरी ती त्या दिवशी कडेला गेली नाही. ऑफिसच्या फाटकापर्यंत ती मधूनच गेली.

गावात हे लगेच कळलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हैबतराव घासाचा भारा कॅरियरला बांधून परत येत होते, तेव्हा त्यांनी तिला हात करून थांबवलं.

"पोरी, लई शानी झालीस का? मदनं चालवतीस म्हनं. इंद्रजितचा ड्रायव्हर वरडत व्हता."

"आबा, कडेनं गेलं की ते अंगावरून जातात. मधून गेलं की त्यांना बघावं तरी लागतं."

"बगत्यात व्हय?"

"शिव्या देतात. पण बघतात."

म्हाताऱ्यानं पायानं डांबरावर एक आडवी रेघ ओढल्यासारखं केलं. "हितं माजा बांध व्हता. ह्या अंगाला खाचर, त्या अंगाला खाचर. बाप आन् मी हितं बसून भाकर खायचो. आता माजाच पोरगा म्हंतो, आबा, कडंनं जात जावा. माज्याच रानात कडंनं जाऊ व्हय मी?" तो हे तिला विचारत नव्हता, बऱ्याच वर्षांपासून आत पडून असलेलं काहीतरी उचलून बघत होता. क्षितिजा काही बोलली नाही. बोलायला हवं होतं का, हे ती पुढे पुष्कळदा स्वतःला विचारणार होती.

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा तो फाटकाशी सायकल धरून उभा होता. "चल म्होरं," म्हणाला. ती पुढे, तो मागे, रस्त्याच्या मधून. त्याच्या तुकड्याकडे जाणारी वाट येईपर्यंत ते असे जायचे. तो हिवाळा तिच्या आयुष्यातला विचित्र सुखाचा काळ होता. मागे गाड्यांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे, आणि त्या सगळ्या आवाजातून म्हाताऱ्याचं बोलणं यायचं. इथे चिंच होती, इथे नथू पैलवानाचा रेडा बुडाला होता, इथे तुळजाबाईला माहेरून आणताना बैल बुजले होते. तो बोलायचा तशी डांबराखालची जमीन तिला दिसायला लागायची, ओली, काळी, गुडघाभर. तिच्या मनात यायचं, की आपण रस्त्यावरून जात नाही, कुणाच्या तरी घरातून जातोय. ती सरळ बसायची. कोपर बरगडीपासून सुटायचं. संध्याकाळी अमोघ म्हणायचा, "आज ऑफिसात लोक बोलत होते, कोणीतरी बाई आणि म्हातारा रोज ट्रॅफिक अडवतात म्हणून. मी काही बोललो नाही." तो हे तिची बाजू घेतल्यासारखं सांगायचा. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची, आणि त्याचं ते 'काही बोललो नाही' एवढंच तिच्यात शिल्लक राहायचं.

फेब्रुवारीतल्या एका लख्ख सकाळी हे संपलं. धुकं नव्हतं, अंधार नव्हता. रस्ता दूरवर दिसत होता. वीटभट्टीच्या पुढे कडेला पुन्हा खडीचे ढीग टाकले होते. हैबतराव मागून काहीतरी सांगत होते, म्हशीच्या पारड्याचं. मागून एक हॉर्न सुरू झाला आणि थांबेचना. मग समोरून एक ट्रक आला. मागच्यानं तरीही पुढे जायला गाडी बाहेर काढली, ट्रक अंगावर आल्यावर आत घेतली. आणि आत हैबतराव होते. आवाज फार मोठा नव्हता. क्षितिजानं मागे वळून बघितलं तेव्हा म्हाताऱ्याची सायकल खडीवर उभी असल्यासारखी टेकली होती आणि तो डांबरावर, अगदी मधोमध, कुशीवर झोपला होता. धोतर गुडघ्यापर्यंत वर गेलं होतं. तिनं पहिल्यांदा ते खाली ओढलं. का, ते तिला कळलं नाही. डोक्याखालचं रक्त तिला नंतर दिसलं. गाडीतून एक तरुण मुलगा उतरला. गळ्यात ओळखपत्र होतं, ओठ पांढरे पडले होते, तो रडत होता. "मी हॉर्न दिला होता," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. लोक जमले, कुणी पाणी आणलं, कुणी जीप आणली, आणि तो प्रत्येकाला सांगत होता, "मी हॉर्न दिला होता हो. खूप आधीपासून दिला होता." त्याला खरंच वाटत होतं, की एकदा हॉर्न दिला की पुढचं सगळं समोरच्याचं असतं. हैबतराव दवाखान्यात पोचायच्या आत गेले.

दहावा झाल्यावर इंद्रजित वर त्यांच्या खोलीत आला. डोकं भादरलेलं, पांढरी टोपी. तो एरवी मोठ्यानं बोलायचा. त्या दिवशी हळू बोलला. "ताई, तुमी एकट्याच हायेत बगनाऱ्या. ट्रकवाला निगून गेला. चौकीत इचारत्याल. आबा कडंनं चाललं व्हतं, यवढंच म्हना. मदनं म्हनलं की त्यो गाडीवाला सुटला. त्याचा वकील तेच म्हंतोय, म्हातारं मदी व्हतं."

"पण कडेला खडी होती, इंद्रजितभाऊ. कड नव्हतीच."

"ते ऱ्हाऊ द्या. कडंनं म्हना."

तो गेल्यावर अमोघ म्हणाला, "म्हण ना. त्यांच्या घरातला माणूस गेलाय."

"खोटं?"

"खरं बोलून आता ते परत येणार आहेत का?" मग तो खिडकीशी गेला. खाली त्याची गाडी होती, तिच्यावर आच्छादन घातलेलं. "आणि त्या मुलाचंही वाईटच वाटतं गं मला. कोणीही असू शकलं असतं. मीसुद्धा." क्षितिजा पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. तो मनापासून बोलत होता, आणि म्हणूनच ते इतकं स्पष्ट ऐकू आलं. एवढ्या दिवसांत तो प्रसंग त्यानं मनात पुन्हा पुन्हा बघितला असणार, जसा तिनं बघितला होता. आणि दर वेळी तो स्टिअरिंगमागे बसलेला होता. डांबरावर तो एकदाही नव्हता. तिच्या सायकलवरही नव्हता.

चौकीत एक वयस्कर हवालदार होता. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला. बाहेर बाकावर इंद्रजित बसला होता. उघड्या दारातून त्याची चप्पल हलताना दिसत होती. हवालदार म्हणाला, "मयत इसम रस्त्याच्या कडेने चालले होते. बरोबर?" त्यानं लेखणी टेकवलीच होती. फक्त मान हलवायची होती. तिनं डोळ्यांपुढे म्हाताऱ्याला कडेला आणून बघितलं. एक पाय गवतातून घासत, खांदे आवळून, आधीसारखा. तसं पाहिलं तर तो किती वर्षं तसाच तर चालत होता. पण तो तिथे राहीना. तो पुन्हा मधे यायचा, पारड्याचं काही सांगत. त्याला ढकलून कडेला बसवायला तिला स्वतःचा हात लावावा लागला असता. "मधून," ती म्हणाली. "मधून चालले होते. माझ्या मागं. मी मधून चालवते म्हणून तेही चालवायचे. कडेला खडीचे ढीग होते, जागाच नव्हती. आणि जागा असती तरी ते मधूनच गेले असते. ती त्यांची जमीन होती." बाहेरची चप्पल हलायची थांबली. हवालदारानं लिहिलं. तिनं वाकून बघितलं; 'रस्त्याच्या मधून' एवढंच होतं.

"खडीचं लिहा ना."

"ते पंचनाम्यात यायला पाहिजे होतं, ताई. तेव्हाचा पंचनामा झाला." तो वाईट माणूस नव्हता. "जमिनीचं तर कुठंच येत नाही," असं म्हणून त्यानं कागद तिच्याकडे सरकवला.

प्रकरण रेंगाळलं, मग ढिलं पडलं. त्या मुलाला जामीन मिळाला आणि तो बंगलोरला बदलून गेल्याचं कळलं. इंद्रजितनं आरडाओरडा केला नाही. एका रविवारी सकाळी जिन्यात उभा राहून म्हणाला, "ताई, खोली खाली करा. आयेला तुमचं तोंड बगवत न्हाई." अमोघनं वाकडला फ्लॅट बघितला. सामान बांधून झालं त्या दुपारी, अमोघ दोऱ्या आणायला गेला असताना, तुळजाबाई स्वतःच वर आल्या. कपाळ मोकळं होतं. त्या उंबऱ्याशी बसल्या, आत आल्या नाहीत. क्षितिजा पाणी घेऊन आली ते त्यांनी घेतलं नाही.

"मदनं चाललं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"हो, काकू."

"लगीन झाल्यापास्नं म्हातारं कवा कुटं मदनं गेलं न्हाई. चावडीत गेलं तरी दाराशी. लेकीच्या लग्नात सुदिक भिताडाला धरून." त्या जमिनीकडे बघत होत्या. "मग? कसं दिसत व्हतं?"

क्षितिजाला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. "ताठ," ती म्हणाली. "गोष्टी सांगायचे सारख्या."

"काय सांगायचं?"

"तुम्हाला माहेरून आणलं ते. बैल बुजले ते."

तुळजाबाईंच्या तोंडावर काहीतरी हललं आणि विझलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "ताठ व्हतं, चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "तू त्येला मदनं जायाचं न्हाई सांगितलं असतंस तर भिताडाला धरून आजून जगलं असतं. हे बी हायेच." आणि जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी, खाली गेल्या. क्षितिजा हातात पाण्याचा तांब्या धरून तशीच उभी होती. तिला कुणी शाप दिला असता तर तो झटकता आला असता. हे झटकता येण्यासारखं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही तिच्याच होत्या.

सामान टेम्पोनं पुढे गेलं. उरलंसुरलं गाडीत कोंबल्यावर सायकलला जागा राहिली नाही. "राहू दे ना ती इथं," अमोघ म्हणाला. "तिकडे कुठे चालवणारेस?" ती म्हणाली, मी चालवतच येते. तो म्हणाला, "मग मी मागनं येतो. सावकाश. म्हणजे तुला कोणी घासणार नाही." हे त्यानं प्रेमानं म्हटलं होतं. ते निघाले. ती रस्त्याच्या मधून, मागे त्याची गाडी. पहिल्यांदाच तिच्या पाठीला भीती नव्हती. त्या इंजिनचा आवाज तिच्या ओळखीचा होता. वीटभट्टी गेली. खडीचे ढीग कुणीतरी उचलून नेले होते, डांबरावर काहीच खूण नव्हती. त्या जागेवरून जाताना तिनं वेग कमी केला. मागे अमोघच्या गाडीमागे दुसऱ्या गाड्या साचत गेल्या. लांबून हॉर्न यायला लागले, एक, मग दोन-तीन, मग एकदम सगळे. तिला त्यांची सवय होती. आणि मग, त्या सगळ्यांच्या अलीकडे, अगदी पाठीशी, एक हॉर्न वाजला. छोटा, अर्धवट, लाजल्यासारखा. तिनं मागे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. त्या हॉर्नचा आवाज, गाडी घरी आली त्या दिवशी अमोघनं तिला पाच-सहा वेळा वाजवून ऐकवला होता. चौकीत तिनं मान हलवली नव्हती; इथे मनाला विचारायच्या आत तिच्या हातांनी हँडल डावीकडे फिरवलं. चाक डांबरावरून खाली घसरलं, कोपर बरगडीला आलं, पाय मातीत टेकला.

अमोघची गाडी शेजारून गेली. त्यानं पुरेसं अंतर ठेवलं होतं, आणि जाताना हात वर केला. वाट दिल्याबद्दल अनोळखी माणसाला करतात तसा. मागच्या काचेला त्यांची गुंडाळलेली गादी दाबली गेली होती. त्याच्या मागून दुसरी गाडी गेली, मग तिसरी, मग कंपनीची बस. तिनं पुढचं चाक उचलून डांबरावर ठेवलं आणि मागे घेतलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घेतलं. कुणीही जागा देत नव्हतं. दूर पुढे अमोघच्या गाडीचे दिवे लुकलुकत होते; तिच्यासाठी तो कडेला थांबला असावा. ती त्या दिव्यांकडे बघत, सायकल धरून, मातीत उभी राहिली. गाड्या येतच होत्या.